फक्त याच दुकानात

१

पुस्तक गेल्याचं कळलं ते रविवारी दुपारी, तिळगुळाच्या वाटीसमोर.

आम्रपालीने फोन दोनदा बंद करून चालू केला. परदेशी दुकानाचं पान उघडलं. वडिलांचं नाव टाकलं. त्या दुकानात लाखो पुस्तकं होती, शहादेव गुरुजींचं मात्र नव्हतं.

"नीट बघ गं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मागं बी एकदा दिसलं न्हवतं. रेंज नसंल."

"रेंज हाय, आई. पुस्तक न्हाई."

वनमालाबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. गुरुजींबरोबर त्यांनी केजच्या शाळेत एकोणीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतरही त्यांच्या ओसरीवर रोज पंधरा-वीस मुलं गणितं सोडवायला बसत. पण रविवारची दुपार ठरलेली होती, गुरुजींच्या घरी पत्रं ऐकायची.

पत्रं म्हणजे पुस्तकाखाली वाचकांनी लिहिलेले अभिप्राय. गुरुजींनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्याजवळ भरणाऱ्या साखरशाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं आणि त्या मुलांच्या सतरा गोष्टी लिहिल्या. 'कोयत्याआडची शाळा' हे पुस्तकाचं नाव. छापायला कोणी तयार होईना, तेव्हा ते ई-पुस्तक करून त्या दुकानात ठेवलं. आणि नवल असं, की केजमध्ये ज्या पुस्तकाची कोणी चौकशी केली नाही, ते लंडन, टोरांटो, दुबईतली मराठी मुलं फोनवर वाचू लागली. एकेचाळीस पत्रं आली. गुरुजी गेल्यावरही येतच राहिली. आम्रपाली परळीला दवाखान्यात नर्स होती. दर रविवारी ती जीपने येई आणि पत्रं आईला वाचून दाखवी. मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं. नवऱ्याने शेकडो पोरं शिकवली, घरचं माणूस राहून गेलं.

शेवटचं पत्र ऑकलंडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. शेवटच्या गोष्टीतली अंजू अर्धी बाराखडी शिकून आईबापाबरोबर दुसऱ्या कारखान्यावर जाते. जाताना 'पुढल्या साली येते' म्हणते, आणि गोष्ट तिथेच संपते. त्या मुलीने विचारलं होतं, 'अंजू परत आली का?'

अंजू परत आली की नाही, हे जगात आता एकट्या मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. तीन आठवडे त्या मनाशी उत्तर जुळवत होत्या. आज ते आम्रपालीला सांगायचं आणि तिने पत्राखाली टाइप करायचं, असं ठरलं होतं.

"बाबांचा फोन बघते," आम्रपाली म्हणाली.

गुरुजींचा फोन त्यांच्या फोटोशेजारी फळीवर असे. खातं त्याच नंबरावर होतं, म्हणून मनकर्णाबाई तो रोज चार्ज करत, बाकी हात लावत नसत. फळीवर गुरुजींचा चष्मा होता आणि पुस्तकाची स्पायरल लावलेली एक जाड प्रतही होती. आईने फोन उचलून लेकीच्या हातात दिला. अंगठ्याच्या नखाखालचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके वनमालाबाईंना रोजच्यासारखे दिसले.

फोनवर दोन इंग्रजी मेल पडून होते. आम्रपालीने वाचले आणि ती भिंतीला टेकली.

"पहिला आठ तारखेचा. 'तुमचं पुस्तक दुसरीकडे फुकट उपलब्ध असल्याचं आढळलं. हा कराराचा भंग आहे. पाच दिवसांत खुलासा करा.' मागल्या रविवारी माझी ड्यूटी होती, मी आलेच नाही. दुसरा चौदा तारखेचा. खातं कायमचं बंद. सगळी पत्रं रद्द. दाद मागायची तर खातेदाराने स्वतः मागावी."

खातेदार भिंतीवर, हारामागे होते.

"म्हंजी कुनीतरी त्येंचं पुस्तक चोरून वाटलं," मनकर्णाबाई हळू म्हणाल्या. "बाई, तुमी पोरांची खोटी गणितं पकडता. हे कोन केलं ते हुडका. त्या पोरीला मी काय सांगू?"

२

कोणतंही उदाहरण सोडवताना वनमालाबाई फळ्यावर दोन रकाने आखत. एकात 'दिलेले', दुसऱ्यात 'काढायचे'. उत्तर चुकलं की त्या मुलांना एवढंच म्हणत, "दिलेले पुन्हा वाच. तू काहीतरी वाचलंच नाहीस."

सोमवारी त्या तहसीलसमोरच्या उत्तरेश्वरच्या ऑनलाईन केंद्रात गेल्या. पुस्तक दुकानात चढवलं होतं ते यानेच. दारात पीकविम्याच्या अर्जांची रांग होती.

"सर्व्हर डाऊन हाय, बाई."

"मला विमा नको, उत्तरेश्वर. गुरुजींचं पुस्तक हवंय."

त्याने स्टूल पुसून दिलं. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला.

"एक सांग," बाई म्हणाल्या. "करार कसला? पुस्तक आपलं, मग दुसरीकडे का ठेवायचं नाही?"

"त्याचं असंय." त्याने स्क्रीन वळवली. "गुरुजींपुढं तीन वाटा हुत्या. एक, हे मोठं दुकान. दोन, वाटपवाली कंपनी. तिला एकदा फाईल दिली की ती चाळीस दुकानांत पोचवती, जगभर. पण तिच्या भाषांच्या यादीत मराठी न्हाई. दोनदा अर्ज केला, दोनदा परत. तीन, फुकटची वाचनालयं, तिथं कुनी बी काय बी ठेवतंय. गुरुजी म्हनले, मोठं दुकान. मग तिथं एक चौकोन येतो. 'फक्त याच दुकानात.' त्यात खूण केली की महिन्याची वर्गणी भरणाऱ्या घरातली पोरं पुस्तक विकत न घेता वाचू शकत्यात. तेवढ्यासाठी गुरुजींनी खूण करायला लावली. खूण केली की दुसरीकडं एक पान बी दिसता कामा नये. फुकट बी न्हाई. दान बी न्हाई."

"हे घरी कोणाला सांगितलं होतंस?"

"घरी? आमी दोघंच बसलेलो बाई. अर्ज वीस पानांचा, ते बी इंग्रजी. कोन वाचतंय!"

"फाईल कोणाकोणाकडे आहे?"

"माझ्याकडं. आनि गुरुजींचा पुतन्या प्रविण, त्याच्याकडं."

"तू कोणाला दिलीस?"

"बाई!" उत्तरेश्वर दुखावला. "मला अडीच वर्षांत त्या पुस्तकानं चहा सुदिक पाजला न्हाई, तरी मी पासवर्ड जपला. पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी प्रविण आलता, पासवर्ड मागत. म्हनला, काकांचं पुस्तक इथून हलवायचंय. मी दिला न्हाई. जाताना काय म्हनला, ऐकायचंय?"

"सांग."

"म्हनला, 'तू दे नायतर नको देऊ, हे पुस्तक मी ह्या दुकानातून सोडवनारच.'"

३

पौष पौर्णिमेला, शनिवारी, गुरुजींच्या पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं होतं. वंदना झाली, भोजनदान झालं, चार माणसं गुरुजींबद्दल बोलली. वनमालाबाईही दहा मिनिटं बोलल्या. मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले होते. प्रविण त्या दिवशी घरात होता आणि रात्रीच्या गाडीने बीडला गेला, असं सगळे समजून होते. मग दुसऱ्या दिवशी तो केजमध्ये काय करत होता?

बीडच्या स्टँडमागे तीन मजल्यांवर कोचिंग क्लासेस आहेत. दुसऱ्या मजल्यावर प्रविण इंग्रजी शिकवायचा. चौथीपर्यंत तो वनमालाबाईंच्या हाताखाली होता, त्यामुळे बाई वर्गाच्या दारात दिसताच तो उभा राहिला.

"बसा बाई. मला माहीत होतं तुम्ही याल. उत्तरेश्वरने पेटवलं असेल."

"तू पेटवण्यासारखं बोललास."

"बोललो. कारण काकांनी चूक केली होती." त्याने खडू टेबलावर ठेवला. "एकाच दुकानात सगळं अडकवायचं नसतं. उद्या त्यांनी दार लावलं तर? मराठी घेणारी आणखी दोन लहान दुकानं मी शोधली होती. करार तीन-तीन महिन्यांचा असतो, मध्ये नूतनीकरण थांबवता येतं. ते थांबवायला पासवर्ड हवा होता. थांबवून मग दुसरीकडे नेणार होतो, आधी नाही. मला तो चौकोन माहीत होता, बाई. मी सगळी वीस पानं वाचली आहेत."

"मग काकूला का नाही सांगितलंस?"

"काकांशी माझं भांडण झालं होतं यावरून. ते गेले, आणि मी बरोबर होतो हे त्यांच्या फोटोसमोर कसं बोलायचं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना प्रविण लहानपणी स्वतःचा कान ओढायचा. आत्ता त्याचे हात टेबलावर होते.

"मुलं एकमेकांचा गृहपाठ उतरवतात, तेव्हा मी कशी पकडते आठवतं?"

"एखादं विचित्र वाक्य शोधता. ते दोन वह्यांत सापडलं की झालं."

"मग टाक." बाईंनी आठवून सांगितलं, "'पाचट पेटलं तसं पोरांचं हसू पेटलं, आणि तसंच विझलं.'"

प्रविणने वाक्य संगणकात टाकलं. क्षणात एक पान उघडलं. ते फुकट वाचनालय होतं. ठेवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'एक वाचक' लिहिलेलं. ठेवल्याची तारीख तीन जानेवारी.

"पौर्णिमेचा दिवस," बाई म्हणाल्या.

"फाईल नाहीये बाई ही. छापलेल्या पानांचे फोटो आहेत. एकशे बारा पानं, एकेक करून काढलीत. अक्षरं ओळखायचं काम वाचनालयाचं यंत्र करतं." प्रविण खाली सरकत गेला आणि थांबला. "हे काय? पुस्तकात सतरा गोष्टी आहेत ना?"

"सतरा."

"इथे अठरा आहेत."

४

अठराव्या गोष्टीचं नाव 'ताडपत्री' होतं. साखरशाळेच्या छपरावरची ताडपत्री ठेकेदाराची माणसं ट्रॅक्टरवरचा ऊस झाकायला घेऊन जातात, आणि मुलं तीन दिवस उन्हात बसून पाढे म्हणतात, एवढीच गोष्ट. ठेकेदाराचं नाव दिलेलं नव्हतं. द्यायची गरजही नव्हती. त्या वर्षी त्या कारखान्यावर वाहतुकीचा ठेका विजयसिंहांकडे होता.

आता ते मोठे पुढारी झाले होते. बंगल्यासमोर तीन गाड्या, व्हरांड्यात कामं घेऊन आलेली माणसं. बाईंना पाहून त्यांनी सगळ्यांना हाताने मागे सारलं.

"या बाई, या. चहा टाका रे. आज कसे पाय लागले?"

"ताडपत्री परत आलीय," बाई म्हणाल्या.

विजयसिंहांनी प्रविणने छापून दिलेली पानं वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी ती घडी घालून मांडीवर ठेवली.

"बाई, मला निवडणुकीत दहा-बारा हजार लोकांनी शिव्या घातल्यात. एका ताडपत्रीनं काय वाकडं होतंय?"

"मग पुस्तकात ती गोष्ट का नाही? गुरुजींना काढायला तुम्हीच लावलीत ना?"

"आमची आई हुती तवा. छबुबाई. तिला नातवंडं फोनवरचं वाचून दाखवायची." ते दाराकडे पाहत बोलत होते. "तिला ते कळलं असतं तर तिनं माझ्या हातचं पानी घेतलं नसतं. म्हनून गुरुजींच्या दारात गेलतो. हात जोडले. गुरुजी म्हनले, 'आईसाठी काढतो, तुमच्यासाठी नाही.' माझ्यासमोर उत्तरेश्वरला फोन केला. फाईलीतनं गोष्ट पुसून टाकली, म्हंजी पार पुसली. प्रविणला बी नवी फाईल गेली."

"मग ही आली कुठून?"

"ते म्हनले, घरातल्या कागदावर तेवढी राहू द्या, लिहिलेलं मला जाळता येत न्हाई. ते जाड पुस्तक न्हाई का, तारेचं? त्यात. मी हूं म्हनलं." विजयसिंहांनी पानं परत दिली. "मला पुस्तक बंदच पाडायचं असतं बाई, तर एवढं येडं काम करीन का? माझीच गोष्ट जगाला वाटीन?"

ते खरं होतं. बाई उठल्या.

"किती जनांनी बघितलं म्हनता हे?" त्यांनी मागून विचारलं.

"अकरा."

"अकरा." ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. "आई गेली मागल्या साली. आता असू द्या."

फाटकाशी येईपर्यंत बाईंचं 'दिलेले' पूर्ण झालं होतं, आणि त्यांना ते आवडलं नव्हतं. जगात ती गोष्ट असलेली प्रत एकच होती. फळीवर, गुरुजींच्या चष्म्याशेजारी.

५

दुसऱ्या दिवशी ओसरीवरची मुलं भागाकार करत होती आणि वनमालाबाई फोनवर एकशे बारा पानं तपासत होत्या. उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा, पहिल्यापासून, एकही न गाळता.

त्यांनी मनात एकेक नाव खोडलं. उत्तरेश्वरकडे फाईल होती. पुस्तक पसरवायचंच असतं तर एका बोटाचं काम, तो एकशे बारा फोटो कशाला काढेल? प्रविणचंही तेच. शिवाय दोघांच्या फाईलीत अठरावी गोष्ट नव्हती. विजयसिंहांकडे फाईलही नव्हती, आणि ही गोष्ट पसरवायला ते सगळ्यात शेवटचे. म्हणजे हे अशा माणसाने केलं, ज्याच्याकडे फाईल नाही पण घरातली प्रत हाताशी आहे, ज्याला वीस पानांचा करार ठाऊक नाही, आणि ज्याला एकेक पान उलटत बसायचा कंटाळा नाही.

एकशे बारा पानं कंटाळा न करता. चोर असं करत नाही. असं माणूस पूजेसारखं काहीतरी करताना करतं.

त्रेसष्टाव्या पानाशी त्या थांबल्या.

स्पायरलची पानं उघडी राहत नाहीत. कोणीतरी कोपरा दाबून धरायला लागतं. या पानावर दाबणारा अंगठा फोटोत आला होता. नखाखाली तीन हिरवे ठिपके.

"बाई, बाकी शून्य आली," एक मुलगी पाटी घेऊन समोर उभी होती.

"बस," बाई म्हणाल्या. "जरा बस."

मनकर्णाबाईंनी पान धरलं आणि आम्रपालीने फोटो काढले, एवढं उघड होतं. पण का? आणि दोघींनी ते स्वतः करून, पुन्हा 'कोणी केलं ते हुडका' असं का म्हणावं? खोटं बोलणारी माणसं नव्हती ती.

मग त्यांना पौर्णिमेची दुपार आठवली. मांडवातला माईक, आणि त्यावरचा स्वतःचाच आवाज. त्या म्हणाल्या होत्या, "गुरुजी स्वतःच्या पैशाने पुस्तकं घ्यायचे आणि ऊसतोड्यांच्या कोप्या-झोपड्यांत रात्रीतून ठेवून यायचे. नाव टाकायचे नाहीत. दिलेलं बोलून दाखवायचे नाहीत. आज त्यांचंच पुस्तक दुकानात अडकून पडलंय. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तोच वाचतो. गुरुजींच्या नावाने खरं दान द्यायचं असेल, तर त्यांचं पुस्तक फुकट वाटा. तेच त्यांचं पुण्यानुमोदन."

मांडवाने टाळ्या वाजवल्या होत्या. मनकर्णाबाईंनी डोळे पुसले होते.

समोरच्या मुलीने पाटी अजून धरून ठेवली होती. बाकी शून्य. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

६

रविवारी त्या गेल्या तेव्हा आम्रपाली नुकतीच परळीहून आली होती. तिचा डबा अजून पिशवीतच होता.

"सापडला का चोर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"वहिनी, पौर्णिमेला तुम्ही दान काय दिलंत?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"ते बोलून दाखवत न्हाईत, बाई. त्येंचा नेम हुता. तुमीच सांगितलंत की मांडवात."

"मला तरी सांगा."

उत्तर आम्रपालीने दिलं. पहिल्यांदा सहज, मग एकेक शब्द जड होत गेला. "लोक गेल्यावर आईने बाबांची प्रत काढली. म्हणाली, बाई बोलल्या तसं करू. माझ्याबरोबरच्या सिस्टरने फुकट वाचनालयाचं सांगितलं होतं. आईने पानं धरली, मी फोटो काढले. दोन तास लागले. नाव टाकलं नाही, बाबा टाकायचे नाहीत म्हणून... बाई, पण ते दान होतं. आम्ही विकलं नाही. चोरलं नाही. मेल वाचला तेव्हा वाटलं, कोणी फाईल चोरली." ती थांबली. "आठ तारखेचा मेल. 'दुसरीकडे फुकट.' ते... आम्हीच?"

वनमालाबाईंनी मान डोलावली. चौकोन काय, त्यात खूण का केली होती, त्याचा अर्थ काय, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, जसं मंद मुलाला सांगतात तसं. खरं तर स्वतःलाच सांगत होत्या.

मनकर्णाबाईंनी फळीकडे पाहिलं.

"म्हंजी त्येंचं नाव मीच पुसलं."

"नाही वहिनी. मी पुसलं. मला करारातलं काही माहीत नव्हतं आणि मी माईकवर बोलले. जन्मभर पोरांना सांगत आले, दिलेलं आधी वाचा. मी वाचलंच नव्हतं."

"तुमी चांगलंच बोलल्या हुत्या."

"हो. चांगलं बोलले होते."

आम्रपाली एकेक दार ठोठावत होती. "आपण ते वाचनालयातलं काढून टाकू. दुकानाला लिहू, चूक झाली म्हणून."

"पाच दिवस होऊन गेले. आणि लिहायचं गुरुजींनी."

"माझ्या नावाने नवं खातं काढू?"

"उत्तरेश्वरने विचारून पाहिलं. एकदा बंद केलेलं पुस्तक ते कोणाच्याच नावाने घेत नाहीत."

"वाटपवाली कंपनी?"

"मराठी नाही."

"प्रविणदादा म्हणतो ती लहान दुकानं?"

"तिथे ठेवता येईल. ठेवूही. पण पत्रं इथली होती, आम्रपाली. ती माणसं या दुकानात येत होती. ती कुठली, कोण, त्यांचे पत्ते काय, हे दुकानाला ठाऊक. आपल्याला एकाचंही आडनाव माहीत नाही."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. भिंतीवरचा फोटो जरासा हादरला. मनकर्णाबाईंनी उठून तो सरळ केला, शेजारचा फोन चार्जिंगवरून काढला, वायर गुंडाळली आणि डब्यात ठेवून दिली. त्या फोनवर आता काही येणार नव्हतं.

"त्या फुकटच्या ठिकानी मी उत्तर ठिवलं, तर ती पोरगी तिथं येईल?"

"नाही, आई," आम्रपाली म्हणाली.

"तिला वाटंल, म्हातारीनं उत्तरच दिलं न्हाई." त्या खाली बसल्या. "वाट बघत आसंल का हो? न्हान पोरं दोन दिस बघत्यात, मग इसरत्यात. इसरली आसंल तर बरं."

मग वनमालाबाईंनी पिशवीतून दुरेघी वही काढली, मुलांच्या शुद्धलेखनाची. पेनचं टोपण काढलं.

"सांगा वहिनी. मी लिहिते."

"कुनासाठी?"

"तुम्ही तीन आठवडे जुळवलंय. सांगा."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. त्या बोलू लागल्या तशा वनमालाबाई लिहीत गेल्या, शब्द न बदलता.

'बाळा, तू विचारलंस अंजू परत आली का. आली. लई वर्सांनी आली. पोटची पोरगी बोटाला धरून आली. म्हनली, गुरुजी, माझी अर्धी बाराखडी राहिली ती राहू द्या, हिला पुरी शिकवा. पन तवा शाळा बंद झालती. गुरुजी घरीच हुते. तिला कारखान्यावर जायचं हुतं, ट्रॅक्टर रस्त्यावर थांबलेला. गुरुजींनी त्या पोरीला आंगनात बसवून अ काढून दाखवला. एकच. मग त्या गेल्या.'

खिडकीतून वारा आला आणि वहीचं पान उडू लागलं. मनकर्णाबाईंनी डोळे न उघडताच हात पुढे केला आणि पानाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

"लिवलं?"

"लिहिलं," वनमालाबाई म्हणाल्या. वर पत्त्याची ओळ कोरी होती. ती तशीच ठेवून त्यांनी पेनला टोपण लावलं.